धूपछाव

हिंदमाताच्या पुलाखालच्या दुकानात
पपांनी बेचाळीस वर्षं साड्या उलगडल्या.
उलगडायला काय, कुणीही उलगडेल, ते म्हणायचे.
गिऱ्हाईक उठून गेल्यावर
तीच साडी तिच्याच घडीत परत बसवायची,
पगार त्याचा.

मी दहा मिनिटांवर, परळच्या लॅबमध्ये,
दुसऱ्याच घड्यांच्या मागे.
प्रथिन बनतं तेव्हा नुसता धागा असतो,
वीस तऱ्हांचे मणी ओवलेला.
काही पाण्याला बुजणारे, काही पाण्यासाठी हपापलेले.
बुजरे आत शिरतात, हपापलेले बाहेर राहतात,
आणि पापणी लवायच्या आत
धागा आपला आपण घडी घालून मोकळा.
घडी बसली की कामाला लागला.
विस्कटली की
मणी तेच, काम संपलं.

हे एकदा डबा खाताना पपांना सांगितलं.
"सेल्समन नाही लागत?"
"कधी कधी लागतो," मी म्हणाले.
"मग ठीक," म्हणून त्यांनी भेंडीतली मिरची बाजूला काढली.

गेल्या दिवाळीपासून ते जिन्यात थांबू लागले.
दुसऱ्या मजल्यावर, कपासींच्या दाराशी,
चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवत.
मग पाय सुजले.
हृदय कडक झालंय, डॉक्टर म्हणाले.
मला खळ जास्त झालेली सुती साडी दिसली.

त्या प्रथिनाचं नाव लांबलचक आहे, राहू दे.
यकृतात बनतं. चौघं एकमेकांना धरून
रक्तातून जीवनसत्त्वाची गाठोडी वाहतात.
हमालीच. पंचाहत्तर वर्षं तक्रार नाही.
मग म्हातारपणी कधीतरी एकाचा हात सुटतो,
सुटलेला उसवतो,
पुन्हा घडी घालू पाहतो ती सपाट,
निरीवर निरी, निरीवर निरी,
विरघळत नाही, उचलत नाही,
थप्प्या लागतात स्नायूंमधल्या बोळांत.

रेशमाचीही निरी हीच, जवळजवळ.
किड्याच्या लाळेतलं प्रथिन असंच
पट्टीवर पट्टी घट्ट बसतं,
म्हणून धर्मावरम तीन लग्नं काढते.
"ताई, फाटली तर माझ्या नावाने परत आणा."
एकही परत आली नाही.

पोटाच्या चरबीचा तुकडा काढला, शेंगदाण्याएवढा.
खरं तर ती स्लाइड मी बघायची नव्हती.
तांबोळी मॅडमनी काँगो रेड चढवला,
बघितलं,
आणि खुर्चीवरून उठल्या. मला जागा दिली.
साध्या उजेडात विटकरी, फिकट.
मग मीच ध्रुवकाची काच फिरवली
आणि विटकरी होतं तिथे
कच्च्या सफरचंदाचा हिरवा.

मे महिना. मी आठ वर्षांची, दुकानाच्या गादीवर.
ट्यूबलाइटखाली पपांनी पदर तिरका धरलाय:
"आता बघा, लाल. आणि आता?
उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या.
मी फक्त हात हलवला, ताई."
त्या बाईने शेवटी मोरपंखी घेतली.

"काय निघालं?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.
"धूपछाव," मी म्हणाले. "लाल-हिरवी."
"लग्नसराईत चालते."
मग जरा वेळाने, "औषध?"
एक गोळी आहे, चौघांचे हात सुटू देत नाही.
लागलेल्या थप्प्या तशाच, पुढच्या लागणं मंदावतं.
किंमत सांगितली.
"घासाघीस कर."
"फिक्स रेट आहे, पपा."
"फिक्स रेट असं काही नसतं."

पायावरची चादर काढून
मध्य हनुवटीखाली दाबून
ते काठाला काठ लावत होते.
अर्ध्यात दम लागला
तेव्हा दुसरं टोक माझ्याकडे टाकलं.
"ओढून धर जरा.
तुझ्याकडून नेहमी ढिली राहते."